'कागिरि'चा गुंता असा सुटला

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन२ पातळीच्या अभ्यासात 'मादे', 'मादेनि' आणि 'कागिरि' या तिघांनी डोकं खाल्लं होतं. तिन्ही मुदत सांगतात आणि मराठीत तिन्ही ठिकाणी 'पर्यंत' दामटून नेता येतं. घोळ तिथेच.

शेवटी वाक्याच्या टोकाचं क्रियापद आधी बघायला लागलो आणि गाठ सुटली. क्रिया तोवर चालू राहणार असेल तर 'मादे': 'गोजि मादे मात्सु', पाचपर्यंत थांबतो. त्याआधी उरकायची असेल तर 'मादेनि': 'गोजि मादेनि दासु', पाचच्या आत देतो. आणि सोडणं, बंद होणं असा कायमचा शेवट असेल तर 'कागिरि दे': 'कोन्गेत्सु कागिरि दे यामेरु', हा महिना झाला की सोडतोय. इथे 'मादे' घातलं तर वाक्य मोडतं.

'कागिरि' हा प्रत्यय नामाला थेट चिकटतो, मध्ये 'नो' (आपला 'चा-ची-चे') लागत नाही. सरावाला जपानी दुकानांतल्या पाट्या झकास. 'होन्जित्सु कागिरि' म्हणजे फक्त आजच्यापुरतं. 'ओहितोरिसामा इत्तेन कागिरि' म्हणजे माणशी एकच नग. आपलं 'पुरतं' इथे किती चपखल बसतं बघा! व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा माझं काम या पाट्यांनीच जास्त केलं.

मध्ये 'नो' आला की अर्थ फिरू शकतो: 'कोए नो कागिरि साकेबु', म्हणजे घसा फाटेस्तोवर ओरडणं. आणि 'नात्सु वा बीरु नि कागिरु' म्हणजे उन्हाळ्यात बिअरच हवी. तो वेगळाच प्राणी, त्याला या रांगेत उभा करू नका.