पीयूसी आहे, तरी पिकअप काळा धूर का सोडते? या चुका टाळा

कापसाच्या हंगामात हिंगणघाट नाहीतर वणीच्या बाजाराकडे निघालेल्या भरल्या पिकअपच्या मागे लागलं, की चढावर समोरचा रस्ता दिसत नाही. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं: ‘पीयूसी आहे ना बा!’

पहिली चूक मोजतानाच होते. डिझेल गाडीचा धूर मोजायचा तर इंजिन तापलेलं हवं, ऑइल किमान ६० अंशांवर. मग न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर एका दमात तळापर्यंत दाबून इंजिन पुरतं चढू द्यायचं, तेही अनेकदा. सायलेन्सरमधल्या नळीतून आलेला धूर किती उजेड अडवतो, ते यंत्र सांगतं. या आकड्याची मर्यादा बीएस-४ गाडीला १.६२, बीएस-६ ला ०.७ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी निकष, आकडा मोठा तितके नवे). थंड इंजिनावर अर्धीच रेस दिली तर येणारा आकडा कागदापुरता. शिवाय ही चाचणी रिकाम्या, उभ्या गाडीची असते. भरलेल्या गाडीचा चढावरचा धूर त्यात येतच नाही.

‘डिझेल पंप वाढवून दे, गाडी मरते, ओढत नाही’ हा आपल्याकडचा लाडका उपाय. डिझेल वाढलं, हवा तेवढीच. उरलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. गाडी मरते ती बहुतेकदा एअर फिल्टरमुळे. पांदणीची धूळ खाल्लेला कागदी फिल्टर काढून आतून बॅटरी मारा. उजेड पार होत नसेल तर नवा टाका. बाहेरून जोरात हवा मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. फिल्टर ठीक असूनही धूर काळाच असेल तर नोझल तपासून घ्या, पंपाला हात सगळ्यात शेवटी.

बीएस-६ गाड्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्यातला डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर, काजळी अडवतो आणि सुमारे ६०० अंशांवर जाळतो. गाव ते तालुका एवढ्याच फेऱ्या असल्या तर तो तापत नाही, तुंबतो, डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. तेव्हा मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मोठ्या रस्त्यावर एकसारखी चालवा. काजळी जळत असताना पऱ्हाटीच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागेल. ऑइलही कमी राखेचं, कंपनीने सांगितलेलंच.

डीपीएफ कापून टाकायचा सल्ला देणारे भेटतीलच. धड डीपीएफच्या गाडीचा पीयूसीतला आकडा शून्याच्या आसपास येतो. ०.५ आला तर गाडी पास होते, पण फिल्टर फुटलाय किंवा काढलाय असं समजा. सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून ‘धूर तर नाही’ यावर जाऊ नका.

राहिला डीईएफ, म्हणजे काही बीएस-६ डिझेल गाड्यांत वेगळ्या टाकीत ओतायचा द्रव. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, म्हणून काही जण खताचा युरिया पाण्यात कालवून ओततात. त्यातल्या अशुद्धीने डीईएफचा पंप, नोझल आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टची वाट लागते. शिवाय डीईएफ असतं धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वायू कमी करायला, काजळी त्याने अडत नाही.