आयर्लंडमध्ये नवीन आलात? आधी सोडा ब्रेड करायला शिका

घर लागलं, पीपीएस नंबरचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचा, अर्ज झाला, बँकेत खातं उघडलं, की इथे आलेली आपली माणसं पहिला प्रश्न विचारतात तो आट्याचा. कुठे मिळतो, दहा किलोची पिशवी बसमधून आणता येईल का. आटा मिळतो, त्याची काळजी करू नका. पण पोळपाट-लाटणं, सपाट बुडाचा तवा आणि काचेच्या शेगडीचा अंदाज हे सगळं जुळून यायला महिना जातो. तोवर घर दुकानातल्या कापलेल्या पांढऱ्या ब्रेडवर चालतं. इथे त्याला स्लाइस्ड पॅन म्हणतात. सकाळी टोस्ट, डब्यात सँडविच, रात्री दमल्यावर पुन्हा टोस्ट. आठ दिवसांत माणूस उबगतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की पहिल्याच आठवड्यात सोडा ब्रेड, म्हणजे खाण्याच्या सोड्याने फुगणारा इथला ब्रेड, करा. यीस्ट नाही, मळणं नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही, अंडंही नाही. पीठ मोजायला घेतल्यापासून तासाभरात ब्रेड तयार.

इथल्या पिठाला जे जमतं ते आधी करावं, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे. आयर्लंडच्या ओल्या, सौम्य हवेत पूर्वापार पिकत आला तो मऊ गहू. त्यात ग्लूटेन कमी असतं. यीस्टच्या ब्रेडला ताणलं जाणारं चिवट पीठ लागतं, ते या गव्हातून होत नाही. १८३० च्या दशकात खाण्याचा सोडा इकडे रुळायला लागला आणि प्रश्न सुटला, कारण लोणी काढल्यावर उरलेलं ताक शेतकऱ्याच्या घरी असायचंच. ताकातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि मऊ पीठ हलकं व्हायला तेवढं पुरतं. ओव्हन तर बहुतेक घरांत नव्हताच. बास्टिबल नावाचं तीन पायांचं, झाकणाचं लोखंडी भांडं विस्तवावर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे रचायचे. चुलीच्या घरात वाढलेल्यांना हा वरून-खालून शेक समजावून सांगायला नको.

आता खरेदी. दोन पिठं लागतात. एक जाडसर दळलेलं गव्हाचं, त्यावर कोर्स होलमील लिहिलेलं असतं. दुसरं क्रीम फ्लावर, म्हणजे इथला साधा मैदा. ऑडलम्स हे १८४५ पासूनचं नाव कुठल्याही सुपरमार्केटात दिसेल, पण लिडल किंवा आल्डीच्या पिठानेही ब्रेड तितकाच चांगला होतो, उगाच जास्त पैसे घालू नका. पिशवीवर स्ट्रॉंग असेल तर ते यीस्टच्या ब्रेडचं पीठ. सेल्फ-रेझिंग असेल तर त्यात फुगवणारी पावडर आधीच मिसळलेली असते. ही दोन्ही नकोत. पोळीचा आटाही यात घालू नका. तो बारीक दळलेला असतो, ओल जास्त पितो आणि ब्रेड गच्च बसतो. सोडा इथे ब्रेड सोडा म्हणून मिळतो, तोच आपला खाण्याचा सोडा. शेजारीच बेकिंग पावडरचा डबा असतो, तो उचलू नका.

बटरमिल्क दुधाच्या फ्रिजमध्ये सापडेल. आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं. अर्ध्या लिटरचा खोका आणला तर एका ब्रेडला पुरून उरतं, उरलेल्याची कढी फार छान होते. बटरमिल्क संपलं असेल तर साधं दही दुधात फेटून पातळ करा, किंवा दुधात चमचाभर लिंबाचा रस पिळून दहा मिनिटं ठेवा. आम्लाशिवाय मात्र हा ब्रेड होणार नाही, नुसतं दूध घालून चालत नाही.

ओव्हनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवीन माणसं इथेच अडतात. भाड्याच्या घरात ओव्हन चालू होत नसेल तर घरमालकाला फोन करण्याआधी ओट्याच्या वरची भिंत बघा. तिथे एक मोठा, बहुधा लाल खटक्याचा वेगळा स्विच असतो. तो दाबल्याशिवाय ओव्हनला वीजच पोचत नाही. मग ओव्हनचं दार उघडून आत बघा. आधीच्या भाडेकरूंचे ट्रे आत असतात आणि तळाशी जुनं तेल साचलेलं असतं, ते तापलं की धूर होतो आणि स्मोक अलार्म वाजतो. एकदा नीट पुसून घ्या. बटणावर पंख्याचं चित्र असेल तर तो फॅन ओव्हन, त्यात तापमान वीस अंशांनी कमी ठेवायचं.

आधी ओव्हन २२० अंशांवर तापत ठेवा, फॅनचा असेल तर २००. मोठ्या पसरट भांड्यात २२५ ग्रॅम होलमील आणि २२५ ग्रॅम क्रीम फ्लावर घ्या. त्यात एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा सोडा, दोन्हीला छोटा चमचा. सोडा गाळणीतून चाळूनच घाला, गुठळी राहिली तर कापलेल्या ब्रेडमध्ये पिवळा डाग दिसतो आणि तो घास साबणासारखा लागतो. ब्रेड जास्त फुगावा म्हणून सोडा वाढवला तरी हेच होतं. साखर नको. २०२० साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका सँडविचच्या साखळीचा पाव व्हॅटच्या कायद्यापुरता ब्रेड मानायला नकार दिला होता, कारण कायद्यात साखरेची मर्यादा पिठाच्या वजनाच्या २ टक्के आणि त्या पावात ती १० टक्के होती.

पिठात मध्यभागी आळं करा आणि साधारण ३७५ मिलिलिटर बटरमिल्क एकदम ओता. आता एकच हात वापरायचा. बोटं फाकवून ताठ ठेवा आणि भांड्याच्या मधून कडेकडे गोल फिरवत जा. आठ-दहा फेऱ्यांत कोरडं पीठ दिसेनासं होतं. गोळा थालीपिठाच्या पिठाइतका सैल आणि बोटांना चिकटणारा हवा. घट्ट वाटला तर आणखी थोडं बटरमिल्क घाला. आणि इथेच थांबायचं. पोळीच्या कणकेला तिंबायची सवय असलेल्या हातांना हे जड जातं, पण मळलं की ग्लूटेन जागं होतं आणि ब्रेड चिवट होतो. शिवाय ओल लागल्या क्षणापासून वायू सुटायला लागलेला असतो, तो ओव्हनमध्ये कामी यायला हवा. गोळा पीठ भुरभुरवलेल्या ओट्यावर काढा, हलक्या हाताने गोल करून चार सेंटिमीटर जाडीचा दाबा, बेकिंग कागद घातलेल्या ट्रेवर ठेवा आणि सुरीने वर खोल फुली कापा. फुलीमुळे आतपर्यंत उष्णता पोचते. जुनी माणसं तिला आशीर्वादाचा क्रूस मानतात, आणि पऱ्यांना बाहेर पडायला वाट म्हणून चारही कोपऱ्यांत सुरी टोचणारी घरं अजून आहेत.

पंधरा मिनिटांनी आच वीस अंशांनी उतरवा आणि आणखी पंचवीस ते तीस मिनिटं भाजा. मग ब्रेड फडक्यात उचलून उलटा करा आणि बुडावर बोटाने ठोका. पोकळ आवाज आला की झाला. बद्द आवाज आला तर तसाच उलटा पाच मिनिटं परत आत ठेवा. वरचा पापुद्रा मऊ हवा असेल तर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवा, कडक हवा असेल तर जाळीवर उघडा. गरम असताना वास कितीही सुटला तरी कापू नका, आत तो अजून शिजत असतो आणि सुरीला चिकटतो.

ज्यांच्या खोलीत ओव्हन नाही त्यांच्यासाठी उत्तर आयर्लंडची रीत आहे, सोडा फार्ल. बेलफास्टकडे न्याहारीच्या ताटात तो असतोच. २५० ग्रॅम क्रीम फ्लावर, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, २०० मिलिलिटरच्या आसपास बटरमिल्क. गोळा सेंटिमीटरभर जाडीचा गोल थापायचा, चार तुकडे करायचे आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं भाजायचे. तेल नाही, तव्यावर चिमूटभर पीठ भुरभुरवा. घरून आणलेला खोलगट तवा सपाट शेगडीवर नीट बसत नाही, आणि शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा तापतच नाही. सपाट बुडाचा बिडाचा तवा घ्या, पुढे पोळ्यांनाही तोच कामी येईल.

पहिला ब्रेड खारट लोणी लावून गरमगरम सूपबरोबर खा, इथल्या पबमध्ये मिळतो तसा. पण मला विचाराल तर लोण्यावर लसणाची कोरडी चटणी पेरलेली फोड याहून सुरेख लागते, आणि पिठलंही याच्याशी चांगलं जमतं. हा ब्रेड दुसऱ्या दिवसापर्यंतच चांगला राहतो. उरलेल्याच्या फोडी करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागतील तशा थेट टोस्टरमध्ये घाला. डब्याची सोय यातच होते.

सतरा मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, पांढऱ्या पिठाचा मनुका घातलेला प्रकार करतात. शेजारच्या आजींना अर्धा नेऊन द्या आणि त्यांच्या घरी किती सोडा घालतात ते विचारा. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं आणि ते सांगायला इथल्या माणसांना मनापासून आवडतं. ऑफिसात नेणार असाल तर सोबत चिठ्ठीवर गहू आणि दूध असं स्पष्ट लिहून ठेवा, ग्लूटेन किंवा दूध न चालणारं कुणी ना कुणी असतं.