जॉन म्यूर ट्रेल: विनाआधार विक्रमाची तयारी
कॅलिफोर्नियातली ही वाट योसेमिटीपासून माउंट व्हिटनीच्या (4,421 मीटर) माथ्यापर्यंत सुमारे 340 किलोमीटर. विक्रम म्हणजे ती सगळ्यांत कमी वेळात पार करणं. विनाआधार म्हणजे सगळं अन्न सुरुवातीपासून पाठीवर. वाटेत घ्यायचं ते फक्त झऱ्या-तळ्यांचं पाणी. कुणी दिलेलं बिस्किटसुद्धा चालत नाही.

चार दिवस, रोज 4,000 कॅलरी धरा. 100 ग्रॅमला 500 कॅलरी देणारे पदार्थ निवडले, की वजन 3.2 किलोत बसतं. अन्नाचा अस्वलरोधक डबा (अस्वलाला उघडता न येणारा) घरीच भरून पाहा. झाकण हमखास अडतं. पाण्याचा फिल्टर रात्री कपड्यांत घेऊन झोपा. एकदा गोठला की आतल्या नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. खिंडी दुपारच्या विजांआधी ओलांडा. माथ्यानंतरही पायथ्याच्या व्हिटनी पोर्टलपर्यंत 17 किलोमीटरांची उतरण उरते. तिच्यापुरतं खाणं राखून ठेवा.