१८७३ साली नेब्रास्कात १६० एकर घेऊन टिकायचं कसं

आधी पैशाचं बघा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकन सरकार १६० एकर जमीन देतं, फी सगळी मिळून १८ डॉलर, इथपर्यंत मस्त. पण बैल, गाडी, नांगर, बियाणं आणि पहिलं पीक हातात येईपर्यंतचं खाणं हे सगळं तुमच्या खिशातून, आणि त्याला काही शे डॉलर लागतातच. जमीन मिळाली नाही म्हणून परत गेलेले कमी, पहिल्या दोन वर्षांत पैसे संपले म्हणून गेलेले जास्त.

क्लेम, म्हणजे जमिनीवर हक्क नोंदवणं, कुणाला लावता येतो? वय २१ पूर्ण हवं किंवा कुटुंबप्रमुख असायला हवं, अमेरिकेचं नागरिकत्व हवं किंवा निदान नागरिक व्हायचा अर्ज केलेला हवा (म्हणून जर्मन, स्वीडिश, चेक लोक बोटीतून उतरून थेट इकडेच), आणि १८६२ च्या मूळ कायद्यात सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं अशीही अट होती. एकट्या बाईला, विधवेला चालतं, लग्न झालेल्या बाईला मात्र सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही, त्यामुळे लग्न ठरलेल्या कितीतरी मुली आधी क्लेम लावायच्या आणि मगच बोहल्यावर चढायच्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू दे, हा माळ मोकळा पडलेला नव्हता. पहिल्या क्लेमवाल्यांपैकी एक डॅनियल फ्रीमन, त्याने कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ ला बीअॅट्रिसजवळची जमीन लावली. त्याच भागात बिग ब्लू नदीकाठी ओटो-मिझुरिया जमातीचे मूळ रहिवासी राहत होते, त्यांना १८८१ मध्ये इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमात) हलवलं, पॉनी जमातीचे लोक तर त्याच्या आधीच गेले. जमिनीच्या जाहिरातीत यातलं काही नसतं.

आता जागा. लँड ऑफिसात नकाशा चौकटी चौकटींचा, एक चौकट म्हणजे एक मैल बाय एक मैल, ६४० एकर, तुम्हाला त्यातला पाव हिस्सा. उंचावरची सपाट जमीन दिसायला छान असते पण तिकडे विहीर शंभर-दीडशे फूट हाताने खणावी लागू शकते, म्हणून ओढ्याजवळची बघा, पाणीही मिळेल आणि चार झाडंही. रेल्वेजवळच्या एकाआड एक चौकटी रेल्वे कंपन्यांच्या, त्या विकत घ्याव्या लागतात. आणि कितीही गोड बोलला तरी एजंटचं ऐकून १०० व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला जाऊ नका. तिकडे पाऊस वर्षाला २० इंचांच्या खाली, त्यात १६० एकरांवर घर चालत नाही. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेलने १८७८ च्या रिपोर्टात हेच लिहिलं, पण लोकांना आवडलं ते ‘नांगरामागे पाऊस येतो’ म्हणणाऱ्यांचं बोलणं.

नांगरट हा खरा कस. या गवताची मुळं माणसापेक्षा खोल जातात आणि वरचा थर असा विणलेला असतो की साधा नांगर अडकतो नाहीतर मोडतो, त्यामुळे स्टीलच्या फाळाचा, माळ फोडायचा वेगळा नांगर घ्या आणि घोड्यांपेक्षा बैल घ्या, बैल स्वस्त पडतात, नुसत्या गवतावर जगतात, घोड्याला धान्य घालावं लागतं. एक जोडी पुरत नाही, शेजाऱ्याची मागून आणा, बदल्यात त्याच्याकडे चार दिवस राबा. वेळ मे ते जूनच्या मध्यापर्यंतच, गवत जोरात वाढत असताना. तेव्हा दोन-तीन इंच खोल थर उलटा केला तर ते मरतं, कुजतं, आणि उशीर केला की परत उगवतं. पहिल्या वर्षी दहा-पंधरा एकर झाले तरी खूप. उलटलेल्या थरात कुऱ्हाडीने खाच पाडायची, मका टोकायचा, टाचेने दाबून पुढे जायचं. उतारा कमीच येतो पण जनावरांचं भागतं. गहू दुसऱ्या वर्षी.

लाकूड नाही, मग घर त्याच मातीचं. न नांगरलेल्या माळावरून फूटभर रुंद, दोन-तीन फूट लांब, चार इंच जाड अशा लाद्या मुळांसकट कापायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारख्या सांधेमोड करत रचायच्या. १६ बाय २० फुटांच्या घराला साधारण ३ हजार लाद्या जातात. लागेल तेवढंच रोज कापा, सुकली की लादी भुगा होते. भिंत दोन फूट जाड होते, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, भारी प्रकार. छप्पर मात्र कटकट, आढं आणि वासे, त्यावर फांद्या, त्यावर परत माती, पाऊस पडला की आत दोन दिवस चिखल गळतो आणि मधूनच साप. आतून मांजरपाट ताणून बांधा, निदान ताटात तरी माती पडणार नाही.

जळणाला बायसनच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या, बायसन संपले की गुरांच्या, नाहीतर गवताचे पिळे आणि मक्याची बुरकुंडं. पहिल्याच शरद ऋतूत घराभोवती नांगराचे तास काढा, थोडं अंतर सोडून परत काढा आणि मधलं गवत वारा नसताना जाळून टाका, वणवा घोड्याच्या वेगाने येतो, पळून सुटत नाही. हिवाळ्यात घर ते गोठा दोर बांधून ठेवा. जानेवारी १८८८ च्या हिमवादळात घराजवळ असूनही रस्ता न सापडल्याने लोक मेले, त्यात शाळेतून निघालेली मुलंही होती.

टोळधाडीवर उपाय नाही. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळांनी मका तर खाल्लाच, अवजारांचे घामाने खारवलेले दांडेही कुरतडले, पिकावर झाकलेल्या गोधड्या पण. म्हणून सगळे पैसे एका हंगामावर लावू नका, कोंबड्या आणि एक गाय ठेवाच.

पाच वर्षं राहिलात, कसलंत, की दोन साक्षीदार घेऊन ऑफिसात जायचं आणि पुरावा द्यायचा. घाई असेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरूनही नाव लागतं. कागद हातात आला की कर्ज देणारे दारात येतील, नवं यंत्र, लाकडी घर, सगळं सुचवतील. जमीन गहाण टाकायचीच असेल तर निदान सलग दोन चांगली पिकं घेऊन मग टाका.