मेड्युलोब्लास्टोमासाठी मॉडेल निवडताना

मेड्युलोब्लास्टोमा म्हणजे मुख्यतः मुलांच्या अनुमस्तिष्कात (मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात) होणारी कर्करोगाची गाठ; ज्या पेशींवर किंवा उंदरांवर तिचा अभ्यास करतो, ती तिची मॉडेल्स. प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, डाओय पेशी आहेत ना?" आहेत, सगळ्यांकडेच असतात. चार वर्षांच्या मुलाच्या गाठीपासून १९८५ मध्ये तयार झालेल्या या पेशी भराभर वाढतात, म्हणून सोयीच्या. पण मी आधी विचारते, तुला शोधायचंय काय?

मेड्युलोब्लास्टोमाचे चार मुख्य गट आहेत: डब्ल्यूएनटी, एसएचएच (ही दोन नावं पेशींतल्या वाढीच्या संकेतांवरून), गट ३ आणि गट ४. गट ३ मधल्या मिक या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकाबद्दल प्रश्न असेल तर एचडी-एमबी०३ पेशी घ्या, डाओय तिथे कामाची नाही. गट ४ रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळतो, पण भरवशाची मॉडेल्स त्याचीच सगळ्यात कमी. पेशी कुठूनही आणा, पहिल्याच आठवड्यात एसटीआर तपासणी (पेशी खरंच त्याच आहेत ना, हे डीएनएवरून पाहणं) आणि मायकोप्लाझ्मा या पेशींत लपणाऱ्या जिवाणूची चाचणी करा. याला सुट्टी नाही.

एसएचएचसाठी जनुक बदललेले उंदीर उत्तम. पॅच१ या एसएचएच संकेताला लगाम घालणाऱ्या जनुकाची एकच प्रत निकामी असेल तर थोड्याच उंदरांना गाठ होते आणि वाट पाहण्यात महिने जातात. अनुमस्तिष्कातल्या पूर्वज पेशींतून दोन्ही प्रती काढल्या तर जवळपास सगळ्यांना होते. मात्र ती गाठ काढून नेहमीच्या पद्धतीने प्लेटमध्ये वाढवली की एसएचएच संकेत विझतो. अशा प्लेटवर एसएचएच रोखणारं व्हिस्मोडेगिब टाकून "औषध चालत नाही" असं लिहिणारे मी पाहिलेत. औषध बिचारं काय करणार, त्याचं लक्ष्यच तिथे उरलेलं नसतं!

रुग्णाच्या पेशी उंदरात घालायच्या तर अनुमस्तिष्कातच घाला, कातडीखाली नको. जागा मृत उंदरावर शाई टोचून आधी पक्की करा. दोन मायक्रोलिटर द्रव अगदी सावकाश सोडा, सुई दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या, मग हळूहळू वर घ्या. घाई केलीत तर पेशी सुईच्या वाटेने मागे येऊन मेंदूच्या आवरणात रुजतात. हा आजार मुळातच मेंदू-मज्जाद्रवातून पसरतो. त्यामुळे तो पसरला की तुम्ही पसरवला, हे नंतर स्लाइड बघून सांगणं अवघड होऊन बसतं.

वाढ मोजायला ल्युसिफेरेज (गाठीच्या पेशींना चमकवणारं विकर) बरं पडतं. काळ्या उंदराची लव मात्र काढा, प्रकाश अडतो. एनएसजी जातीच्या उंदरात टी, बी आणि एनके या रोगप्रतिकारक पेशी नसतात, त्यामुळे इम्युनोथेरपीचा प्रश्न तिथे विचारू नका. प्रयोग कधी थांबवायचा हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवा: वजनातली घट, फुगलेली कवटी, तिरकी मान. आणि गाठ एका उंदरातून दुसऱ्यात किती वेळा गेली याची नोंद ठेवा, सुरुवातीच्याच नळ्या गोठवून ठेवा.

शेवटी औषध परिणामकारक दिसलं तरी प्रौढ उंदरांवर थांबू नका, वाढत्या पिल्लांनाही द्या. एसएचएच रोखणाऱ्या औषधांच्या थोड्या दिवसांच्या डोसनेही पिल्लांच्या हाडांची वाढ कायमची खुंटते. प्रौढ उंदरात हे दिसत नाही, आणि आपले रुग्ण तर मुलं आहेत.