फायबरच्या नावेचा जोड: गम लावण्याआधीचं काम

अथणी-चिकोडीकडच्या कृष्णाकाठी नाव फायबरची असली की जोड उखडतो तो बहुधा गम कमी पडला म्हणून नव्हे, पृष्ठभाग नीट तयार केला नाही म्हणून.

आधी अ‍ॅसिटोनने पुसा, मग ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. हा क्रम उलटला की मेण आणि तेल घासलेल्या चरांत शिरून बसतं. घासल्यावर स्वच्छ पाणी शिंपडून बघा: सलग पातळ थर पसरला तर ठीक, थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा, पुन्हा घासा. त्यानंतर पूर्ण वाळवा. हे पूर्ण महत्त्वाचं. बेळगावच्या पावसाळ्यात भाग कोरडा दिसतो, पण दवबिंदूपेक्षा (म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंश गरम नसेल तर त्यावर न दिसणारी ओल धरते. हॅलोजनचा दिवा लावून ठेवा, नाहीतर सरळ उघडीप येईपर्यंत थांबा.

एकावर एक पट्टी चढवताना रुंदी दुप्पट केली म्हणून ताकद दुप्पट होत नाही. ताण जोडाच्या दोन टोकांनाच एकवटतो. म्हणून पट्टीच्या कडा उतरत्या करा. भगदाड बुजवताना उतार १ला १२ ठेवा, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर.

गम इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून होणारा; त्यात हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा भाग, मापानेच. लवकर घट्ट व्हावं म्हणून जास्त घालायची खोड बऱ्याच कारागिरांना असते. त्याने जोड कच्चाच राहतो. शिकंजाही बेताने आवळा, सगळा गम बाहेर आला तर आत धरायला काय उरणार?