माणूस आलाच नव्हता: फोनवरचं इंग्रजी आणि फ्रेजल व्हर्ब

पुण्यात ब्रिटनच्या ग्राहकांचे फोन घ्यायच्या कामाला लागून मला तीन आठवडे झाले होते. माझ्याकडे काम होतं घरगुती गॅस बॉइलरच्या दुरुस्तीचं. तिकडे बॉइलर बंद पडला की अख्खं घर गारठतं, आणि महिना होता जानेवारीचा. एका आजींचा फोन आला. म्हणाल्या, "द बॉइलर कीप्स कटिंग आउट, अँड नोबडी टर्न्ड अप यस्टरडे." बॉइलर सारखा मध्येच बंद पडतोय, एवढं कळलं. ‘टर्न अप’ही मला येत होतं. ट्रेनिंगमध्ये अर्थ दिला होता, हीटिंग वाढवणं. म्हणून मी विचारलं, थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवलाय? पलीकडे शांतता. मग त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "नो, लव्ह. द मॅन डिड नॉट कम."

दुरुस्तीचा माणूस आलाच नव्हता. आदला अख्खा दिवस त्या वाट बघत बसल्या होत्या आणि मी त्यांना तापमान विचारत होते. घरी गेल्यावरही ते मनातून जाईना.

मी बार्शीची, मराठी माध्यमातली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. माझं व्याकरण पक्कं होतं. शाळेनं ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘कंटिन्यू’ असे शब्द दिले होते, आणि ते चुकीचे मुळीच नाहीत. पण फोनवर त्याच अर्थानं मला ऐकू यायचं ते ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’, ‘कॅरी ऑन’. छोटं क्रियापद, त्याला जोडलेला ‘अप’, ‘ऑफ’सारखा शब्द, आणि दोघांचा मिळून वेगळाच अर्थ: हेच फ्रेजल व्हर्ब. असं का, ते पुढे वाचलं तेव्हा उलगडलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कायद्यात फ्रेंच-लॅटिन शब्दांचा भरणा होत गेला. घरातली, शेतातली जुनी छोटी क्रियापदं मात्र लोकांच्या तोंडी राहिली. आपल्याकडे गाडीवर ‘अग्निशमन दल’ लिहिलेलं असतं, पण घरात कोणी ‘दिव्याचं शमन कर’ म्हणत नाही, ‘विझव’ म्हणतं. तसंच तिकडे लाल नळकांड्यावर ‘एक्स्टिंग्विशर’ आणि बोलण्यात ‘पुट इट आउट’. आपण शाळेत असं लिहिण्यातलं इंग्रजी शिकलो, एवढाच फरक.

जड जातंय म्हणून नव्या मुलांनी खचू नये. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत परक्या माणसाला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट म्हणून याच क्रियापदांकडे बोट दाखवलंय.

आणि खरं सांगू, मराठी माणसाला ही रचना परकी नाही. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही फेकायला सांगत नसतो; ‘टाक’ म्हणजे संपव, उरवू नको. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतलं ‘अप’ नेमकं तेच काम करतं. ‘पुट अप विथ’ मला वर्षभर पाठ होईना. एक दिवस आई फोनवर म्हणाली, "दोन दिवस चालवून घे." तिथं ते बसलं ते कायमचं. ‘वेळ मारून नेणे’ हे एखाद्या परक्याला ‘वेळ’, ‘मारणे’, ‘नेणे’ असे तीन शब्द शब्दकोशात बघून कधी कळेल का? मग ‘टर्न’ आणि ‘अप’ वेगवेगळे बघून आपल्याला कसं कळणार?

ऐकताना पुढचा शब्द पकडा. ‘शी टर्न्ड अप द हीटिंग’ यात वाढवायला काहीतरी आहे, म्हणजे कर्म आहे. ‘ही टर्न्ड अप ॲट फोर’ यात कर्म नाही, माणूस आला. किल्ली ‘टर्न्ड अप’ झाली तर ती सापडली. त्या दिवशी आजींच्या वाक्यात ‘नोबडी’ होतं आणि कर्म नव्हतं. एवढं बघितलं असतं तर चूक टळली असती. बोलताना ‘इट’ हा शब्द दोघांच्या मधोमध घाला: ‘टर्न इट डाउन’. ‘टर्न डाउन इट’ कानाला खटकतं. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही, तिथं ‘लुक आफ्टर इट’च.

माझी वही ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ अशा पानांची आहे. अर्थांची यादी करत नाही. ऐकलेलं पूर्ण वाक्य, कोण बोललं, कशाबद्दल, आणि शेजारी मराठी. दिवसाला दोन पुरेत. ‘कॉल आउट’ म्हणजे कारागिराला घरी बोलावणं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. एका छोट्या शब्दानं कोणाची तरी भेट रद्द होते, म्हणून ही जोडी पहिल्याच आठवड्यात घोटा. वापरायची घाई मात्र करू नका. ‘डिड नॉट कम’ म्हणालात तरी कोणाचं काही अडत नाही. समजणं आधी.

लिहिताना वेगळं भान लागतं. तक्रारीच्या औपचारिक उत्तरात मी आजही ‘इन्व्हेस्टिगेट’ लिहिते, सहकाऱ्याला चॅटवर ‘लुक इन्टू’. क्रियापद असेल तर ‘लॉग इन’, ‘सेट अप’, ‘बॅक अप’ हे दोन सुटे शब्द. नाम असेल तरच जोडून. ‘प्लीज लॉगइन’ असं जोडून लिहिलेलं आपल्या ऑफिसांत रोज दिसतं.

दोन आपल्याकडच्या सवयी सोडा. ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’. आणि बायोडेटात ‘पास्ड आउट इन’ लिहून पुढे साल टाकू नका. तिकडचा वाचणारा आधी तुम्ही बेशुद्ध पडलात असं समजेल. ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ म्हणाले, "द हीटिंग्ज प्लेइंग अप अगेन." म्हणजे मध्येच चालतंय, मध्येच अडतंय. मी नव्या बॅचला ते वाक्य ऐकवलं. जालन्याची एक मुलगी पटकन म्हणाली, "नखरे करतंय." मी ‘अप’च्या पानावर तेच लिहून घेतलं.